तालमीत पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत

मागच्या व्हिडिओत जपानमधल्या आयझूच्या निश्शिनकान शाळेबद्दल बोललो होतो. १८०३ साली सुरू झालेली ही शाळा, सामुराईंची पोरं दहाव्या वर्षी तिथे दाखल व्हायची. तो बघून शिनोलीच्या आपल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, आपल्याकडे असं काही आहे का?" म्हटलं, चल कोल्हापूरला.

पहाटे एका जुन्या तालमीत जाऊन बसलो. नवी पोरं काय करत होती? हौद्यातली लाल माती उकरत होती. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली माती. ती मोकळी करायची, मग जोर-बैठका. डाव नंतर. वस्तादांना घाई नाही.

आमच्या पठ्ठ्याला मात्र फार घाई. भीमाशंकरच्या रस्त्याला हॉटेल टाकायचंय, त्यासाठी वडिलांची जमीन गहाण ठेवून सहा लाख उचलायचे. भटारखान्यात एक दिवसही उभा राहिलेला नाही. का टाकायचंय? व्हिडिओ बघून. त्यातले काही माझेच, हे कबूल करतो! मी म्हणालो, आधी एक श्रावण दुसऱ्याच्या हॉटेलात काम कर. तोंड वाकडं केलं. "कपबश्या धुऊ का सर?"

हो, धू. दूध किती नासतं, उधारी कोण बुडवतं, सोमवारी किती पीठ मळायचं, हे तिथेच कळतं.

मग तो खाशाबा जाधवांची गोष्ट घेऊन बसला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार दिले, आणि खाशाबांनी कांस्यपदक आणलं. "म्हणजे रिस्क घ्यावीच लागते ना सर?"

अरे, पण घर गहाण पडलं ते कोणासाठी? १९४८ ला लंडनमध्ये सहावा येऊन दाखवलेल्या पैलवानासाठी! माती अंगाला लागल्यावर आलेलं कर्ज आहे ते. तुझी तर अजून लंगोटसुद्धा आणलेली नाही.

मित्रांनो, कर्ज वाईट नाही. पण वडिलांची जमीन ही तुमची शिकायची फी नव्हे. माझा कोर्ससुद्धा तालमीची जागा घेऊ शकत नाही, कितीही भारी असला तरी.

मंचर येईपर्यंत पोरगा गप्प होता. घोडेगावच्या फाट्याला वळल्यावर म्हणाला, "सर, श्रावणात कोणी ठेवून घेईल का?"

दोन ठिकाणी विचारून ठेवलंय.