घुमटाच्या तालावर नाचणारे लाईट

मंडळी, उत्सवाच्या बैठका सुरू होतील, लाईट-साऊंडची ऑर्डर दिली जाईल. त्याआधीच लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

हल्ली वाळपईच्या आसपास नाटक असो, फुगडी असो की घुमट आरती, मंचाच्या दोन्ही बाजूंना एलईडी लाईटचे खांब उभे असतात आणि बऱ्याचदा सगळे 'साऊंड मोड'वर. या लाईटच्या पोटात छोटा माईक असतो. दणका ऐकला की लाईट रंग बदलतो. लाईटवाला पोरगा मागची बटणं दाबून मोड लावतो नि चहाला जातो. त्याचा दोष नाही. आपण त्याला लाईट आणायचे पैसे देतो, रात्रभर लाईटपाशी बसायचे देत नाही.

डीजेच्या गाण्याला हा मोड शोभतो, कारण तिथे ठेका एकसारखा असतो. घुमटाचं तसं नाही. उजव्या हाताची बोटं चामड्यावर आणि डावा हात मागच्या तोंडावर, उघडझाप करत नाद वळवतो. जोडीला शामेळ, कासाळे. आरती शेवटाकडे चढली की लाईट थापेथापेला लाल-निळा-हिरवा होत सुटतो, आणि वाजवणाऱ्याची बोटं दिसायची बंद होतात. 2019 साली घुमट गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं. अभिमानाने सांगतो आपण. पण ते वाजवतात कसं, हे पुढच्या पोरांना दिसायला नको?

नाटकात तर पंचाईतच. साऊंड मोडला शांतता कळत नाही. मुलगा गेल्याची बातमी येते, आई जागच्या जागी थिजते, सगळा मांडव गप्प. लाईटला आवाजच नाही, म्हणून तो शेवटच्या रंगावर अडकतो. काही लाईट चक्क विझतात. तेवढ्यात बाहेर कुणीतरी फटाका लावतो आणि आईचं तोंड हिरवंगार! एका नाटकाला शेजारची काकी मला म्हणाली, "तोंडच दिसना मरे, रडटा काय हांसता?" नटाने जे कमावलं ते त्या गप्प क्षणात होतं.

आपल्या सत्तरीच्या रणमाल्याचंच बघा. नावातल्या 'माले'चा अर्थ मशाली असा सांगतात. रामायणातल्या कथा, जती गाणारे लोक ओळीने उभे, आणि उजेड मशालींचा. म्हणजे उजेड खेळाच्या नावातच आहे. मशाली परत आणा असं मी म्हणत नाही. पेट्रोमॅक्सचे गोडवेही मी गात नाही. ऐन प्रवेशात पंप मारायला कुणीतरी मंचावर यायचा, ते विसरलो नाही मी.

मागणं साधं आहे. समोरचे लाईट, तोंडावर पडणारे, कायम पिवळसर पांढरे आणि स्थिर ठेवा. साऊंड मोड फक्त मागच्या पडद्यावरच्या लाईटना. तिथेही सेन्सिटिव्हिटी कमी करा, नाहीतर खुर्ची सरकली तरी रंग बदलतो. लाईट केबलने जोडून एकाला मास्टर करा, म्हणजे एकच ऐकेल आणि बाकीचे त्याच्या मागून जातील. आता प्रत्येक लाईट आपलंच ऐकतो आणि मंचावर बाजार भरतो. तो मास्टर मॉनिटर स्पीकरपासून लांब. आणि टेस्टिंग मोबाईलवरच्या सिनेमाच्या गाण्यावर करू नका हो! घुमटवाल्यांना संध्याकाळी पाच मिनिटं बसवून वाजवायला सांगा आणि त्यावर सेटिंग लावा.

स्ट्रोब मात्र बंदच. टीव्हीच्या आणि वेबसाइटच्या नियमांतही सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको असं धरतात, कारण काही जणांना त्याने फिट येऊ शकते. आपल्याकडे पहिल्या रांगेत, सतरंजीवर, मुलंच तर बसलेली असतात.

तरुण पोरं म्हणतात, रंग नसेल तर बघायला कोण येणार? युद्धाचा प्रवेश आला, राक्षस आला, तर खुशाल उडवा रंग. पण ते कधी, हे ज्याने नाटक वाचलंय त्याला ठरवू दे. गावात अशी दोन-तीन पोरं नक्की आहेत. त्यांतल्या एकाला संहिता हातात देऊन लाईटपाशी बसवा, दोन तालमींना बोलवा आणि त्याचं मानधन लाईटवाल्याच्या बिलाच्या आधी वहीत लिहा. येत्या बैठकीत मी हा विषय काढणार आहे. कोण कोण येणार, खाली कळवा.