अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट

दर अकरा महिन्यांनी खोकी भरणारे माझ्यासारखे पुण्यात किती असतील? परवा शिफ्टिंगच्या वैतागातून पळाले आणि थेट येरवड्याला, डेक्कन कॉलेजचं म्युझियम गाठलं. (मॉल नाही हं, म्युझियम!) तिथे इनामगाव भेटलं.

आपल्याच जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं गाव. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकरांच्या टीमने १९६८ ते १९८३ तिथलं पांढरीचं टेकाड उकरलं. खाली निघाली इ.स.पू. १६०० ते ७०० मधली वस्ती. शंभराहून जास्त घरं, नदीचं पाणी वळवायला कालवा, शेतात बार्ली. एकाच जागी नऊशे वर्षं! माझा रेकॉर्ड अडीच वर्षांचा.

पण मी अडकले ते मडक्यांपाशी. लहान मूल गेलं, की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, बाळ त्यात, आणि मडकी घराच्याच जमिनीखाली. रोज त्यावरच चूल, त्यावरच झोप. मोठ्या माणसांना पुरताना पाय घोट्यापासून तोडायचे. मेलेला भूत होऊन पळू नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क. मला आपलं वाटलं, त्यांना कुणाला जाऊच द्यायचं नसेल.

मग पाऊस रुसला, असं ढवळीकर सांगतात. शेती आटली, शिकार वाढली, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या. शेवटी गाव उठलं. बाळं तिथेच राहिली.

घरी येऊन उरलेली खोकी भरली. आजीचा फोटो मात्र पर्समध्ये टाकला. टेम्पोवाल्यावर कोण भरवसा ठेवणार!