दप्तराविना दहा दिवस, त्यांतले दोन वाकळेला

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलच्या पायात कोल्हापुरी दिसली आणि इकडे कोल्हापूर पेटून उठलं. चपलेला भौगोलिक मानांकन २०१९ मध्येच मिळालेलं, त्यामुळे भांडायला हातात कागद होता. ही प्रेरणा कुठली, ते कंपनीला अखेर कबूल करावं लागलं. झालं ते चांगलंच. पण याच कोल्हापुरात घराघरांतल्या ट्रंकेत दबून पडलेल्या वाकळेसाठी कुणी असा आवाज केल्याचं ऐकिवात नाही.

खाली जुनं लुगडं, वर जुनं लुगडं, मध्ये साड्या-धोतरांचे थर आणि सगळ्यांतून आरपार जाणारा धावदोरा. काठापासून सुरुवात करून आत आत सरकत मध्यावर यायचं. पलीकडे हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी बायका अशीच कवंदी शिवतात आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावल्याखेरीज ती पुरी झाली असं मानत नाहीत. त्या कवंद्या अमेरिकेतल्या प्रदर्शनांत जाऊन आल्या. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी स्वतंत्र पुस्तक केलं, तेही छापलं फ्रान्समधल्या प्रकाशनाने. आपल्या अंथरुणाचं कौतुक सातासमुद्रापार होतं आणि इथे नवरात्राआधी ती जड वाकळ धुवायची कुणी, यावरून घरात वाद होतात.

यावर उपाय शाळेत आहे आणि त्यासाठी नवा कायदा, नवी समिती काही लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना द्यायला सांगितलं आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम करावं, अशी कल्पना. कोल्हापूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या शाळांनी त्यांतले दोन दिवस वाकळ शिवणाऱ्या बायकांना द्यावेत. वर्गातल्या मुलग्यांसकट. शिवणकाम मुलींचं, असं म्हणणाऱ्याने गावातल्या कुठल्याही टेलरच्या दुकानात डोकावून मशीनवर कोण बसलंय ते पाहावं.

दोन दिवसांत अख्खी वाकळ होत नाही. एक पान मात्र होतं.

सुरुवात आंब्याच्या पानाने करावी. कागदाची पट्टी उभी दुमडायची, उघड्या बाजूने एक बाक कापायचा, उलगडलं की दोन्ही अंगं सारखी असलेलं पान तयार. ६ इंच लांब, अडीच इंच रुंद पुरे. तो साचा पुठ्ठ्यावर उतरवून हिरव्या कात्रणावर ठेवायचा, साबणाच्या वाळक्या चिपेने रेघ मारायची आणि रेघेबाहेर पाव इंच माया सोडून कापायचं. मग माया पुठ्ठ्यावर दुमडून इस्त्री फिरवायची. टोकाशी कापडाचा गठ्ठा होतो, म्हणून आधी टोक आत मोडायचं, मागाहून दोन्ही बाजू. पुठ्ठा काढून पान साडेनऊ इंची चौकोनावर तिरपं टाचायचं आणि कडेने बारीक हेम घालायची. मधली शीर धावदोऱ्याने, तीसुद्धा खालच्या सगळ्या थरांतून आरपार. म्हणजे शोभाही झाली आणि शिवणही. कापड सुती हवं. टेरिकॉट घडी धरत नाही आणि नवशिक्याचा जीव मेटाकुटीला आणतं.

दसरा चौकाच्या गावात आपट्याचंच पान हवं असा हट्ट होणारच. जरूर व्हावा, पण दुसऱ्या दिवशी. दोन पाळ्यांमधल्या खाचेत कात्री रेघेच्या एक धागा अलीकडे थांबवावी लागते. पुढे गेली तर दशा सुटतात, मागे राहिली तर खाचेत चुणी पडते. तिथे टाके दाट घालण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि तो हात आधी आंब्याच्या पानावर बसलेला बरा.

ज्या शाळेत शिलाई मशीन आहे तिथे अमेरिकेतल्या क्विल्टवाल्यांचं मेपलचं पानही चालेल. त्यात बाक नाही, सगळी सरळ शिवण. तीन ओळींत नऊ चौकोन: तीन पानाच्या रंगाचे, एक मागच्या रंगाचा, एक देठाचा आणि चार दोन रंगांचे त्रिकोण जोडून केलेले. साधे चौकोन साडेतीन इंचांचे कापायचे. त्रिकोणांसाठी मात्र ३ इंच ७ सुतांचे. दोन रंग एकावर एक ठेवून कर्णाच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर शिवण मारायची आणि कर्णावर कापायचं, की एका फटक्यात दोन चौकोन हाती येतात. गंमत पुढे आहे. तीन चौकोनांच्या ओळीत शिवणी दोन, प्रत्येक शिवणीत कापडं दोन. प्रत्येकातून माया सूतभर जादा गेली की चार सूत गेले, म्हणजे ओळ अर्ध्या इंचाने आखडली आणि शेजारच्या ओळीशी जुळेनाशी झाली. सातवीतल्या पोराला अपूर्णांक याहून पक्का कोण शिकवणार?

सामानाचा खर्च जवळपास नाहीच. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला, तेव्हापासून हा जिल्हा कापड विणतो आहे. गांधीनगरची कापडपेठ शहराला खेटून आहे. गल्लीतला टेलर रोज पोतंभर कात्रणं बाहेर टाकतो. असं असताना नवशिक्यांसाठी ऑनलाइन मिळणारी तयार किटं शाळांनी मागवू नयेत. बारके तुकडे चाळून, रंग लावून बघून त्यांतलं नेमकं उचलणं हे वाकळेतलं अर्धं कसब आहे, आणि किटात तेच दुसऱ्याने उरकलेलं असतं.

या सगळ्यात एक फायदा परीक्षेत न दिसणारा आहे. वाकळ शिवून देणाऱ्या बाईशी भाव करताना आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं, ‘मावशी, साड्या तर आमच्याच, मग एवढं कसलं?’ जणू दोरा आपोआप चालत गेला. सुईच्या नेढ्यात दोरा ओवण्यापासून एका पानाची हेम पुरी होईपर्यंत ज्याचे डोळे आणि बोटं दुखली, ते पोरगं हे वाक्य बोलणार नाही, आणि आईबापांना बोलू देणार नाही अशी आशा धरायला हरकत नाही.

एक अट मात्र हवी. शिकवायला येणाऱ्या मावशींना शाळेने मंचावर बसवून शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावू नये. इतर प्रशिक्षकांना देतात तेवढंच दिवसाचं मानधन त्यांना द्यावं आणि ते त्याच दिवशी त्यांच्या हातात पडावं.