पूल झाला, पण नाका उठेना!

विज्ञानाने दोन काठ जोडले तरी व्यापार मध्येच नाका बसवू शकतो, हाच मोबाइल दूरध्वनीच्या गेल्या तीस वर्षांच्या इतिहासाचा बोध आहे. जीएसएम आणि सीडीएमए या दोन पद्धतींनी जगाची वाटणी करून घेतली होती. पहिलीत एकाच लहरीवर आठ जणांना आळीपाळीने संधी मिळे. दुसरीत सारे एकदमच बोलत, मात्र प्रत्येकाच्या बोलण्यावर निराळा सांकेतिक ठसा असे. एका पद्धतीचे यंत्र दुसरीच्या जाळ्यात मुके! मिरज स्थानकात एके काळी रुळांची रुंदी बदलली की उतारूला सामानसुमानासह गाडी बदलावी लागे, त्यातलाच हा प्रकार.

हे भांडण मिटविणारी चिप यथाकाल निघाली. एकाच चिपला दोन्ही भाषा येऊ लागल्या. पण भाषा येणे निराळे आणि ती बोलण्याची मुभा असणे निराळे. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेतील व्हेरायझन कंपनीसाठी आयफोन ४ ची स्वतंत्र सीडीएमए आवृत्ती विक्रीस आली. तिच्यातील क्वालकॉमची चिप जीएसएमही जाणत होती. तरीही तो फोन जीएसएम जाळ्यात चालत नव्हता. दोन्ही पद्धती खुल्या करणारा आयफोन ४एस त्याच वर्षी ऑक्टोबरात आला. म्हणजे पूल आधीच बांधलेला होता, रहदारी तेवढी बंद होती.

आपल्याकडे काय घडले? ३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण झाले, ते जीएसएमवर. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने सीडीएमए आणले. या स्पर्धेने बोलणे स्वस्त झाले, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु सीडीएमएचे कित्येक फोन सिमकार्डावाचूनचे, एकाच कंपनीशी जखडलेले होते. ऑक्टोबर २००७ मध्ये सरकारने एकाच कंपनीस दोन्ही पद्धती वापरण्यास अनुमती दिली. कंपन्यांना दोन्ही दगडांवर पाय ठेवता आले. ग्राहकाला मात्र नाही. जानेवारी २०११ मध्ये क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क देशभर लागू झाला, तेव्हाही सीडीएमए सोडणाऱ्यास बहुधा नवा फोन घ्यावाच लागे.

चौथ्या पिढीने तो जुना वाद संपविला. नाका तेवढा जागा बदलून बसला. सप्टेंबर २०१६ मध्ये केवळ ४जीवर सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात जुन्या साध्या फोनांना थाराच नव्हता, आणि २०१७ सालचा स्वस्त जिओफोन त्याच कंपनीच्या सिमपुरता बंदिस्त होता. जुलै २०२० मध्ये मुकेश अंबानी यांनी २जी इतिहासजमा करण्याची हाक दिली. प्रगतीला आमचा विरोध नाही. पण साधा फोन बाळगणारा मजूर, मोलकरीण, खेड्यातली म्हातारी यांच्या दृष्टीने प्रश्न तंत्राचा नसून नव्या फोनाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा आहे.

म्हणून सरकारला आमचे सांगणे स्पष्ट आहे. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनातील चिपची सारी क्षमता ग्राहकास खुली असावी; कंपनीच्या सोयीसाठी घातलेले कुलूप बेकायदा ठरावे. जुने जाळे बंद करण्यापूर्वी, कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालणारा फोन गरिबाच्या ऐपतीत आला आहे, याची शहानिशा व्हावी. पूल बांधणे हे अभियंत्याचे काम. तो सर्वांना खुला ठेवणे हे राज्यकर्त्यांचे. अभियंता आपल्या कामास चुकलेला नाही!