विश्लेषण : प्रोस्टेटच्या रेडिएशनचा त्रास केवळ महागड्या मशीनने कमी होत नाही

प्रोस्टेटच्या कर्करोगावर रेडिएशन घ्यायचे ठरले की घरचे आधी विचारतात, ‘मशीन कोणती आहे?’ प्रश्न रास्त आहे, पण पुरेसा नाही.

त्रास का होतो?

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते. तिच्यावर सोडलेली किरणे या दोन्ही अवयवांनाही थोडीफार लागतात. त्यातून लघवीला जळजळ, वारंवार जावे लागणे, शौचाची घाई, कधी रक्त पडणे असे त्रास होतात. आयएमआरटी तंत्रात किरणांना गाठीचा आकार देता येतो, तर आयजीआरटीमध्ये रोज प्रतिमा घेऊन जागा तपासतात. पण मूत्राशय पुरेसे भरलेले नसेल तर त्याचा जास्त भाग आणि आतडी किरणांच्या वाटेत येतात. गुदाशयात मल किंवा वायू असेल तर प्रोस्टेट जागेवरून सरकते. म्हणूनच रोज पोट साफ करून, सांगितले तेवढे पाणी पिऊन थांबायला सांगतात.

नागपुरातील अडचण

राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय असो, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था असो की मेडिकल, इथे गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरहून रुग्ण येतात. वाटेत शौचालय मिळणार नाही म्हणून वयस्कर माणूस एसटीत पाणीच पीत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत गेलेला असतो. कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्राशय भरायला वेळ लागतो. अशा रुग्णाला ठरलेली वेळ, प्यायचे पाणी, जवळ स्वच्छ शौचालय आणि मराठीत लिहिलेले सूचनापत्रक मिळालेच पाहिजे. कोट्यवधींच्या यंत्रापुढे हा खर्च किरकोळ आहे.

फेऱ्या कमी होतील का?

ब्रिटनमधील ‘चिप’ चाचणीत 3,216 पुरुष होते. तिथे 37 ऐवजी 20 सत्रांतही उपचार तितकाच प्रभावी ठरला आणि दीर्घकालीन त्रास फारसा वाढला नाही. लांबून येणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. आपल्याला हे चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

मात्र त्रास टाळण्यासाठी उपचारच आखडता घेणे धोक्याचे आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने जास्त जोखमीच्या 224 रुग्णांवर केलेल्या चाचणीत ओटीपोटातील लसिकाग्रंथींनाही किरणे दिल्यावर लघवीचे त्रास वाढले. पण पाच वर्षांनंतर आजार आटोक्यात राहण्याचे प्रमाण 81 टक्क्यांवरून 95 टक्क्यांवर गेले. कोणता त्रास पत्करायचा आणि कोणता टाळायचा, हे रुग्णाला समजावून ठरवायला हवे.

लाज नको

लघवीवरचा ताबा, लैंगिक दुर्बलता, शौचातून रक्त या गोष्टी आपल्याकडे पुरुष बोलत नाहीत. सत्र चुकवतात, पण सांगत नाहीत. यातल्या बहुतेक त्रासांवर उपाय आहेत. विडी-सिगारेट सोडली आणि मधुमेह ताब्यात ठेवला तरी फरक पडतो. डॉक्टरांनीही हे प्रश्न रुग्णाने काढण्याची वाट न पाहता, दर आठवड्याच्या तपासणीत स्वतःहून विचारावेत.