गोळी आणि उंबरठा

साथ गावाच्या वेशीवर आली की माणूस आधी औषध शोधतो. दार लावून घेण्याची बुद्धी त्याला मागाहून सुचते. 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाईन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा 'टॅमिफ्लू' हे नाव एकाएकी सर्वतोमुखी झाले. 2024 मध्ये अमेरिकेतील दुभत्या गुरांच्या कळपांत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला आणि नव्या जागतिक साथीची चर्चा पुन्हा सुरू झाली. अशा वेळी गोळीवर विसंबावे की उंबरठ्याआड राहावे, याचा विचार साथ येण्यापूर्वीच झालेला बरा.

टॅमिफ्लू निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणणार नाही. विषाणू एका पेशीतून सुटून दुसरीकडे पसरू पाहतो, त्या वाटेत ते आडवे येते. म्हणूनच पहिल्या 48 तासांत घेतले तर त्याचा गुण अधिक. परंतु तो किती? कोक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी 2014 मध्ये चाचण्यांची छाननी केली, तेव्हा प्रौढांचे दुखणे सरासरी 7 दिवसांवरून 6.3 दिवसांवर येते, एवढेच हाती लागले. या औषधाच्या साठ्यावर एकट्या ब्रिटनने 40 कोटी पौंडांहून अधिक खर्च केला होता. शिवाय 2007-08 च्या हंगामात नेहमीच्या फ्लूचा एक वाण या औषधाला जुमानीनासा झाला आणि पाहता पाहता जगभर पसरला. गोळी हे साहाय्य होय, कवचकुंडले नव्हेत.

आता उंबरठ्याचे सामर्थ्य पाहू. नोव्हेंबर 1918 मध्ये ऑकलंडहून निघालेली 'टालून' ही बोट पश्चिम सामोआच्या आपिया बंदरास लागली. आजारी उतारूंना कोणी अडवले नाही. थोड्याच काळात तेथील सुमारे पंचमांश लोक इन्फ्लुएन्झाने मृत्युमुखी पडले. शेजारच्याच अमेरिकन सामोआत गव्हर्नर पोयर यांनी बंदरावर कडक पहारा बसवला. तेथे या रोगाने एकही माणूस दगावला नाही. औषध दोन्हीकडे नव्हते. भेद होता तो वेळीच लावलेल्या दाराचा.

मात्र आपला गोमंतक हे बेट नव्हे. येथे बंदर आहे, दोन विमानतळ आहेत, महामार्ग आहेत. त्यातच फ्लूचा रोगी ताप भरण्याच्या आदल्या दिवसापासूनच रोग वाटू लागतो. तेव्हा केवळ आजाऱ्याने घरात बसणे पुरे पडत नाही. साथीचा जोर असेतो धडधाकटांनीही गर्दी टाळली पाहिजे.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. घरात बसणे कोणाला परवडते? ट्रॉलरवरचा खलाशी, मासळी विकणारी बाई, हॉटेलातला वाढपी यांची चूल रोजच्या कमाईवर पेटते. मार्च 2020 च्या टाळेबंदीत शेकडो मैल पायी निघालेले मजूर देशाने पाहिले. त्याहून जुना धडा पुण्याचा. 1897 च्या प्लेगात परक्या सरकारने सोजिरांकरवी घरे धुंडाळली, माणसे छावण्यांत नेली. विलगीकरणाचा हेतू शास्त्रीय होता, रीत जुलमी होती. त्या संतापाचा शेवट रँडच्या वधात झाला. ज्या पिढीने परकी सत्ता भोगली तिला हे वेगळे सांगावयास नको की, लोकांना विश्वासात न घेता लादलेला नियम लोक मोडतात, आणि रोग लपवला जातो.

म्हणून आमचे सरकारला सांगणे आहे की, औषधाचा साठा अवश्य करावा आणि तो गंभीर रोगी, गर्भवती व वृद्ध यांच्यासाठी प्रथम राखून ठेवावा. पण त्याच तातडीने दुसरी तरतूदही व्हावी: आजारी कामगारास पगारी रजा, रोजंदारीवर जगणाऱ्यास निर्वाह भत्ता, आणि पंचायतीमार्फत घरपोच शिधा. हे नियम साथ उसळल्यावर घाईने लिहावयाचे नसतात. आजच लिहून ग्रामसभांपुढे मांडावयाचे असतात.

सुखवस्तू माणसाने घरात राहणे याला आपण संयम म्हणतो. तोच संयम गरिबाकडून अपेक्षावयाचा असेल, तर त्याच्या घरात आधी तांदूळ पोचला पाहिजे.