तळघर सजवा, पण अंधार राखून

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंचावर असले, तरी एप्रिलमध्ये तिथेही पारा ३५ अंशांच्या आसपास जातो. म्हणून घरात बिअर ठेवायची तर तळघर, ते नसल्यास जिन्याखालची थंड, अंधारी जागा निवडावी. नेहमीची बिअर वाइनसारखी मुरत नाही. तारीख पाहून जुनी बाटली आधी काढावी. उजेडाने हॉप्समधील घटक बदलून तिला उग्र वास येतो, त्यामुळे हिरव्यापेक्षा तपकिरी काच बरी. बाटल्या उभ्याच ठेवाव्यात. भिंतीवर म्हैसूरचे शिसवी जडावकाम किंवा गंजिफाची चित्रे शोभतात. दिवा मात्र मंद, गरजेपुरताच लावावा. घरात मुले असतील, तर दाराला भक्कम कुलूप हवेच. त्यावाचून सारी सजावट व्यर्थ!